लिहून झाल्यावर पाच फेऱ्या : खानदेशातून मराठी लिहू लागणाऱ्यांसाठी

बातमी असो, ग्रामसभेचा ठराव असो, मंडळाचा अहवाल असो की लग्नपत्रिका, पहिला खर्डा लिहिताना शुद्धलेखनाकडे पाहू नका. मजकूर आधी कागदावर उतरू द्या. मग तो पाच वेळा वाचा आणि दर वेळी एकाच जातीची चूक शोधा. सगळ्या चुका एका वाचनात पकडायला गेले की डोळा अर्थामागे धावतो आणि अक्षरे निसटतात. ‘आता फक्त अनुस्वार’ असे ठरवले, तर तोच डोळा अनुस्वारच पाहतो. पाचशे शब्दांच्या मजकुराला पाचही फेऱ्या मिळून अर्धा-पाऊण तास धरा. हात बसला की वेळ निम्मा होतो.

आणखी एक गोष्ट आधीच मनाशी धरा : कानावर विसंबू नका. मराठी जशी बोलली जाते तशीच लिहिली जाते, हे अर्धेच खरे आहे. ‘कवि’ आणि ‘कवी’ यांतला फरक कोणाच्याच बोलण्यात ऐकू येत नाही. ऐकून लिहिणारा इथे हमखास फसतो. शब्द कुठून आला आणि त्याला प्रत्यय लागल्यावर त्याचे काय होते, हे पाहणारा फसत नाही.

हाताशी दोन गोष्टी हव्यात. एक चांगला शब्दकोश आणि शासनमान्य लेखननियमांची छोटी पुस्तिका. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ मध्ये मान्य झाले, १९७२ मध्ये त्यांत ४ नियमांची भर पडली. असे एकूण १८ नियम. एका बैठकीत वाचून होतात.

पहिली फेरी : घरची बोली कुठे झिरपली?

घरी अहिराणी, लेवा गणबोली, गुजरी, पावरी किंवा भिलोरी आणि लिहायचे प्रमाण मराठीत, अशी खानदेशातल्या बहुतेकांची स्थिती असते. ‘मना भाऊ’, ‘तुले’, ‘घरमा’ या चुका नाहीत. अहिराणीचे ते बिनचूक व्याकरण आहे. ‘माझा भाऊ’, ‘तुला’, ‘घरात’ असे लिहायचे ठरवल्यावर नकळत मध्येच पहिली भाषा डोकावते, तेवढीच जागा दुरुस्त करायची. मुद्दाम अहिराणीतच लिहायचे असेल, तर संवाद अवतरणात घ्या आणि आतले एकही अक्षर ‘सुधारू’ नका.

‘मले’, ‘तुले’ प्रमाण लेखनात सहसा येत नाहीत, ते लगेच डोळ्यात भरतात. खरी गळती तीन ठिकाणी होते.

पहिली, क्रियापदात. अहिराणीतले ‘करी ऱ्हायना’ मराठीत ‘करून राहिला’ होऊन उतरते. ‘पाऊस येऊन राहिला आहे’, ‘काम चालू होऊन राहिले’ असे लिहिलेले सर्रास दिसते. प्रमाण मराठीत चालू क्रिया ‘येत आहे’, ‘होत आहे’ अशी दाखवतात. ‘राहणे’ जोडले की अर्थ बदलतो : ‘तो पाहत राहिला’ म्हणजे थांबलाच नाही. तसेच ‘लिहले’, ‘पाहले’, ‘राहले’ ही रूपे बोलताना चालून जातात, लिहिताना मात्र ‘लिहिले’, ‘पाहिले’, ‘राहिले’. ‘दहा वाजेला’ हा तर आपल्या पट्ट्याचा शिक्काच. ‘दहा वाजता’ लिहा.

दुसरी, ‘न’ आणि ‘ण’ यांत. ‘पानी’, ‘कोन’, ‘लोनी’ असे बोलणाऱ्याला ‘ण’ कुठे हे कानाने कळणार नाही, म्हणून खुणा धरा. क्रियापदाच्या मूळ रूपाचा शेवट नेहमी ‘णे’ : करणे, जाणे, विणणे. ‘-पणा’ आणि ‘-णूक’ यांतही ‘ण’ : लहानपणा, मिरवणूक, निवडणूक. संस्कृतातून आलेल्या शब्दांना एक सुरेख नियम आहे. शब्दात आधी र, ष किंवा ऋ असेल, तर पुढचा न बदलून ण होतो : कारण, भाषण, परिणाम, ग्रहण. पण मध्ये च, ट किंवा त या वर्गांतले अक्षर किंवा श, स, ल आडवे आले की बदल अडतो : रचना, प्रार्थना, कीर्तन, दर्शन. म्हणून ‘रामायण’ पण ‘रसायन’, कारण मध्ये स आला. ‘उत्तरायण’ पण ‘दक्षिणायन’, कारण तिथे ‘ण’ स्वतःच ट-वर्गातला, तोच पुढच्या ‘न’ला अडवतो. दोन शब्द जोडून झालेल्या समासात हा नियम लावू नका : ‘हरिनाम’ मध्ये न तसाच राहतो.

तिसरी गळती ‘ळ’ची. डोळा–डोया, धुळे–धुये, जळगाव–जयगाव. बहिणाबाईंचे ‘वढाय’ मन म्हणजे ‘ओढाळ’ मन. लेखनात ही चूक वाटते तितकी होत नाही. घाईत पाठवलेल्या निरोपात ‘वेळ’चा ‘वेय’ होतो, तेवढे पाहा आणि पुढे चला.

दुसरी फेरी : फक्त अनुस्वार

जुन्या पाट्यांवर ‘चाळीसगांव’, ‘धरणगांव’ दिसते. ते रंगवणाऱ्याचे अज्ञान नव्हते. ‘ग्राम’ वरून ‘गांव’ आले म्हणून व्युत्पत्तीचा अनुस्वार पूर्वी देत असत. तसाच ‘नांव’, ‘पांच’, ‘कांही’ यांवरही. १९६२ च्या नियमांनी हे न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. आता चाळीसगाव, धरणगाव, नाव, पाच, काही.

एका ठिकाणी मात्र अनुस्वार टाकून चालत नाही : अनेकवचनी नामाला प्रत्यय लागतो तिथे. ‘गावात’ म्हणजे एका गावात, ‘गावांत’ म्हणजे अनेक गावांत. ‘चोपडा, यावल आणि रावेर या तालुक्यात’ हे चूक, कारण तालुके तीन, ‘तालुक्यांत’ हवे. ‘जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत’ हे बरोबर. वाक्यात ‘या’, ‘सर्व’, ‘तिन्ही’, ‘अनेक’ असे शब्द दिसले की पुढच्या नामावर बोट ठेवा.

आदरार्थी बहुवचनालाही तोच नियम : सरपंचांनी, मुख्याध्यापकांचे, वडिलांना. आणि ‘त्यांने’ असे रूप मराठीत नाहीच. एक असेल तर ‘त्याने’, अनेक किंवा आदर असेल तर ‘त्यांनी’. ‘ने’च्या आधी अनुस्वार दिसला की तो काढायचा, नाहीतर ‘ने’चा ‘नी’ करायचा.

याच फेरीत ‘असे–असं’ पाहून घ्या. नियमांनुसार ‘केलं, असं, म्हटलं’ ही रूपे कोणाचे बोलणे जसेच्या तसे देताना वापरायची, बाकी लेखनात ‘केले, असे, म्हटले’. अनौपचारिक लेखात सगळीकडे ‘असं’ लिहिणारे पुष्कळ आहेत आणि ते वाचायला छानही वाटते. एकाच परिच्छेदात दोन्हींची सरमिसळ मात्र वाईट दिसते. ‘खानदेश’ आणि ‘खान्देश’ यांचेही तसेच : एक निवडा, शेवटपर्यंत तेच ठेवा.

तिसरी फेरी : ह्रस्व-दीर्घ, बाजार समितीतून

या फेरीला सर्वांत जास्त वेळ द्या. चुका इथेच सर्वांत जास्त होतात आणि नियमही इथलेच सर्वांत पक्के आहेत.

आधी शब्दाचे शेवटचे अक्षर पाहा. शेवटी आलेला इकार-उकार दीर्घ लिहायचा, मग शब्द संस्कृत असला तरी : समिती, कृषी, पद्धती, बुद्धी, गुरू, वस्तू. अपवाद थोडेच आहेत, ते पाठ करा : आणि, नि, परंतु, तथापि, अति, इति, यथामति. फोनवर सर्वाधिक चुकणारी दोन अक्षरे याच नियमात बसतात. ‘तो म्हणाला कि’ नव्हे, ‘की’. ‘तो हि आला’ नव्हे, ‘तोही आला’.

मग तो शब्द समासात पहिला आला आहे का, ते पाहा. मूळ संस्कृतात ह्रस्व असलेला शब्द समासात पुन्हा ह्रस्व होतो. रवी पण रविवार, शनी पण शनिवार, गुरू पण गुरुवार. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवणारे साने ‘गुरुजी’, ‘गुरूजी’ नव्हेत. ‘कृषी विभाग’ सुटा लिहिला तर दीर्घ, ‘कृषिमंत्री’ जोडला तर ह्रस्व. विद्यार्थी, प्राणी, पक्षी यांचेही असेच : विद्यार्थिप्रिय, प्राणिसंग्रहालय, पक्षिमित्र. मुळात दीर्घच असलेले शब्द बदलत नाहीत : नदीकाठ, लक्ष्मीपूजन.

आता शेवटून दुसरे अक्षर. शेवटचे अक्षर अकारान्त असेल, तर मराठी शब्दात त्याआधीचा इकार-उकार दीर्घ : पीक, ऊस, मूग, तूर, तीळ, कापूस, उडीद, बहीण. शेवटचे अक्षरच दीर्घ असेल, तर आधीचे ह्रस्व : विळी, महिना, दिवा. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द या नियमाला जुमानत नाहीत, ते मुळाप्रमाणे लिहायचे : गुण, सुख, विष, गणित, मंदिर, तरुण एकीकडे आणि परीक्षा, पूजा, क्रीडा, गीता दुसरीकडे. म्हणून शंका आली की पहिला प्रश्न एकच : शब्द मराठी की संस्कृत?

शेवटी प्रत्यय लावून पाहा. नवखे इथे सर्वांत जास्त अडखळतात, कारण मूळ शब्द बरोबर येत असला तरी प्रत्यय लागताच दीर्घाचा ह्रस्व करायचे राहून जाते. पीक–पिकाला, ऊस–उसाचा, मूग–मुगाची, तूर–तुरीचा, वकील–वकिलांनी, मिरवणूक–मिरवणुकीत, निवडणूक–निवडणुकीत. म्हणूनच ‘बहीण’ दीर्घ आणि ‘बहिणाबाई’ ह्रस्व. मराठी शब्द तीन अक्षरी आणि पहिले अक्षर दीर्घ असेल, तर मधला ई-ऊ जाऊन तिथे ‘अ’च येतो : कापूस–कापसाचा, लाकूड–लाकडाचे, बेरीज–बेरजेत. पहिले अक्षर ह्रस्व असेल तर दोन्ही रूपे चालतात : उडीद–उडदाची किंवा उडिदाची, भरीत–भरताचे किंवा भरिताचे. तेव्हा ‘भरताची वांगी’ लिहिणाऱ्याला ‘भरिताची’ म्हणणाऱ्याने टोकू नये, आणि उलटही. संस्कृत शब्द इथेही जागचे हलत नाहीत : शरीर–शरीरात, जीव–जीवाला.

प्रत्यय लागताना आणखी दोन बदल होतात. ‘सा’चा ‘शा’ होतो : पैसा–पैशाला, ससा–सशाला. ‘जा’ मात्र ‘जा’च राहतो : दरवाजा–दरवाजाला, ‘दरवाज्याला’ नव्हे.

‘-इक’ लागला की ह्रस्व (सामाजिक, ऐतिहासिक, प्राथमिक), ‘-ईय’ लागला की दीर्घ (शासकीय, भारतीय, राष्ट्रीय). ‘क्षत्रिय’, ‘इंद्रिय’, ‘सक्रिय’ हे शब्द ‘-ईय’ने झालेले नाहीत, ते ह्रस्वच. गावाच्या नावातले ‘पूर’ दीर्घ : शिरपूर, नवापूर. ‘-आत’ लागला की तेही ह्रस्व : शिरपुरात, नवापुरात.

चौथी फेरी : जोडाक्षरे आणि जोडून लिहिणे

‘शेतकर्यांना’ हे खानदेशातल्या मजकुरातले सर्वांत महागडे अक्षर, कारण दर दुसऱ्या बातमीत शेतकरी असतो. मराठी शब्दाच्या शेवटी रा-री असून प्रत्ययामुळे ‘य’ आला, की आडवा र येतो : शेतकऱ्यांना, व्यापाऱ्यांनी, वाऱ्याने. संस्कृत शब्दात वर रफार येतो : सूर्य, कार्य, पर्याय. फरक दिखाऊ नाही. ‘आचाऱ्यांना बोलवा’ म्हटले तर स्वयंपाकी येतील, ‘आचार्यांना’ म्हटले तर गुरू. सातपुड्यात ‘दऱ्या’ आहेत. ‘दर्या’ म्हणजे समुद्र. इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून ‘जे’ (J) दाबले की खाली टिंब असलेला ऱ येतो, मग ‘डी’ (D) म्हणजे पाय मोडायची कळ आणि मग तिरक्या रेघेच्या कळीवरचा य. फोनवरही हाच टिंबाचा ऱ शोधायचा.

बाकी जोडाक्षरे शब्द फोडून पाहिली की सुटतात. महत् + त्व म्हणून ‘महत्त्व’, तत् + त्व म्हणून ‘तत्त्व’. पण नेतृ + त्व म्हणून ‘नेतृत्व’, तिथे एकच त. तत् + ज्ञ म्हणजे ‘तज्ज्ञ’, उत् + ज्वल म्हणजे ‘उज्ज्वल’, पश्चात् + ताप म्हणजे ‘पश्चात्ताप’. दुर् + अवस्था म्हणजे ‘दुरवस्था’. रस्त्यांची ‘दुरावस्था’ छापणाऱ्यांनी शब्दाचीही केलेली असते. कोटि + अधीश म्हणजे ‘कोट्यधीश’. ‘सहस्र’ आणि ‘स्रोत’ यांत त नाही. ‘सप्तशृंगी’त श ला ऋकार लागतो, त्यात आणखी र घालून ‘श्रृ’ करू नका. परंपरा–पारंपरिक, व्यवसाय–व्यावसायिक, अधीन (‘आधीन’ नव्हे), ज्येष्ठ (‘जेष्ठ’ नव्हे).

आणि ‘कवयित्री’. जळगावच्या विद्यापीठाच्या नावातच हा शब्द आहे : कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ. तरी अर्जांवर ‘कवियत्री’ येत राहते, कारण आपण ‘कवी’ला काहीतरी जोडतो आहोत असे वाटते. मूळ शब्द ‘कवयिता’. त्याचे स्त्रीलिंग ‘कवयित्री’, जसे अभिनेता–अभिनेत्री.

जोडून की तोडून? शब्दयोगी अव्यय नेहमी जोडून : शाळेसाठी, घरासमोर, बसस्थानकापर्यंत, त्यामुळे, माझ्याप्रमाणे. ‘च’, ‘ही’, ‘सुद्धा’ हेही जोडून : तोच, आम्हीही, मीसुद्धा. फोन शब्द सुचवताना प्रत्ययाआधी मोकळी जागा सोडतो आणि ‘शाळे साठी’ तयार होते, म्हणून फोनवर लिहिलेल्या मजकुरात हे खास पाहा.

पाचवी फेरी : शब्दाचा अर्थ, वाक्याचा सांधा

इथे अक्षरे बरोबर असतात, अर्थ चुकतो. रावेरपलीकडे मध्य प्रदेश आणि कानावर सतत हिंदी, त्यामुळे हिंदी अर्थ मराठी शब्दात शिरतात. मराठीत ‘शिक्षा’ म्हणजे दंड, हिंदीत शिक्षण. मराठीत ‘खुलासा’ म्हणजे स्पष्टीकरण, हिंदीत गौप्यस्फोट. ‘संशोधन’ हिंदीत दुरुस्ती, ‘आपत्ती’ हिंदीत हरकत, ‘चेष्टा’ हिंदीत प्रयत्न. ठरावाला ‘आपत्ती घेतली’ असे मराठीत लिहिले तर पूर आल्यासारखे वाटते. ‘हरकत घेतली’ लिहा. ‘माझी मदत करा’ हेही हिंदी वळण, मराठीत ‘मला मदत करा’.

‘अपरोक्ष’ जवळजवळ सगळेच उलटा वापरतात. परोक्ष म्हणजे नजरेआड, अपरोक्ष म्हणजे समोर. ‘माझ्या अपरोक्ष सही केली’ अशी तक्रार लिहिलीत, तर सही तुमच्यादेखत झाली असा त्याचा अर्थ होतो. ‘माझ्या पाठीमागे’ लिहा, भानगडच नको.

‘साहेबांनी म्हणाले’ हे दोन वाक्यांचे कलम आहे. ‘साहेब म्हणाले’ किंवा ‘साहेबांनी म्हटले’. ‘ग्रामपंचायतीद्वारे बैठक आयोजित करण्यात आली’ यात कोणी काय केले ते लपते. ‘ग्रामपंचायतीने बैठक घेतली’ पुरे. ‘सुमारे पन्नासच्या आसपास’, ‘किमान कमीत कमी’, ‘दिनांक ५ तारखेला’ यांतला एकेक शब्द खोडा.

केळीचे लिंग तर खानदेशात पक्के हवेच. ‘केळे’ हे फळ नपुंसकलिंगी, त्याचे अनेकवचन ‘ती केळी’ : केळी पिकली, केळ्यांचे घड उतरवले. ‘केळ’ हे झाड स्त्रीलिंगी, त्याचे अनेकवचन ‘त्या केळी’ : वादळाने केळी आडव्या झाल्या, केळीचे खोड. पिकाचे नाव म्हणून ‘केळीचे भाव’ रूढ आहे, ते बदलू नका. पण ‘केळीची साल निसरडी’ असे लिहिले तर झाडाची साल होते, फळाची ‘केळ्याची साल’.

लग्नपत्रिका असेल तर एवढे शब्द वेगळे तपासा : ‘श्रीकृपेकरून’ एकत्र, ‘चि. सौ. कां.’ मधल्या ‘कां’वर अनुस्वार, कारण तो ‘कांक्षिणी’चा, ज्येष्ठ, कनिष्ठ, मुहूर्त, आहेर, आणि ‘आशीर्वाद’, ज्यातला रफार ‘वा’वर असतो, ‘शी’वर नाही.

छापखान्यात जाताना मजकूर युनिकोडमध्ये द्या. अनेक ठिकाणी तो जुन्या फॉन्टमध्ये बदलून घेतात आणि त्या बदलात ऱ्य, त्त्व, ॲ, शृ ही अक्षरे बिघडू शकतात, मग तुमची दुरुस्ती कितीही नेटकी असो. म्हणून छापण्याआधी कागदावरचे प्रूफ मागा. आधी नावे, तारखा आणि वेळ मूळ प्रतीशी एकेक अक्षर ताडून पाहा. मग उरलेला मजकूर शेवटच्या ओळीपासून वर वाचत या, म्हणजे अर्थ डोळ्यांना ओढून नेत नाही. दुरुस्ती कागदाच्या कडेच्या समासात लिहा, ओळीच्या अंगावर नको. दुरुस्त होऊन आलेल्या प्रुफात बदललेली ओळ तर पाहाच, तिच्या खालच्या दोन ओळीही पाहा : एखादे अक्षर वाढले की ओळ सरकते आणि ‘शेतकऱ्यां’ एका ओळीत, ‘ना’ दुसरीत, असे होऊन बसते.